आवाज मोटरीचा की बाकीच्यांचा? शांत इलेक्ट्रिक ड्राइव्ह कुठे, कसा आणि काय देऊन मिळतो

‘मोटर फार आवाज करते, शांत मोटर द्या’ अशी मागणी येते तेव्हा खर्च करण्याआधी दहा सेकंदांची एक परीक्षा घ्यावी. यंत्रणा पूर्ण वेगात असताना तिची वीज तोडायची आणि कान द्यायचा. व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) असेल तर स्टॉप मोड ‘कोस्ट’वर, म्हणजे मोटर मोकळी सोडण्यावर, ठेवा. ‘रॅम्प’वर ठेवलात तर थांबेपर्यंत ड्राइव्ह मोटरीला वीज देतच राहतो आणि परीक्षा फुकट जाते.

वीज जाताक्षणी आवाज गेला तर तो विद्युतचुंबकीय आहे, म्हणजे वाइंडिंग, गाभा, हवेची फट किंवा ड्राइव्हची लहर यांपैकी कुणाचा तरी. वेग उतरेल तसतसा आवाज उतरला तर बेअरिंग, पंखा, गिअर किंवा पट्टा यांच्याकडे बघा. आणि उतरताना मधल्याच एखाद्या वेगाला सगळं घुमलं आणि मग शांत झालं, तर मोटर बिचारी निर्दोष असते. चौकट, पत्रा किंवा पाइप त्या वेगाला साथ देतोय. पर्मनंट मॅग्नेट मोटरीत थोडा अपवाद आहे. वीज गेली तरी चुंबक जागेवरच असतात, त्यामुळे दातांवर अडखळल्यासारखा बारीक आवाज शेवटपर्यंत राहू शकतो.

थेट लाइनवरच्या साध्या इंडक्शन मोटरीचा मूळ सूर 100 हर्ट्झचा, म्हणजे पुरवठ्याच्या 50 च्या दुप्पट. तो एकाएकी वाढला तर आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा. व्होल्टेजमधला 1 टक्का असमतोल करंटमध्ये 6 ते 10 टक्क्यांचा असमतोल करतो. मोटर गुणगुणते, तापते, आणि दोष बेअरिंगला दिला जातो. दुसरा संशयित रिवाइंडिंग. वेढे थोडे कमी पडले की गाभ्यातला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) वाढतो, नो-लोड म्हणजे बिनलोड करंट वाढतो आणि मोटर कायमची गुणगुणत राहते. रिवाइंड करायला देण्याआधीचा नो-लोड करंट लिहून ठेवला असेल तरच परत आल्यावर वाद घालता येतो.

आता व्हीएफडीची शीळ. ड्राइव्ह मोटरीला खरी साइन लहर देत नाही, तुकड्यातुकड्यांत व्होल्टेज देतो. हे तुकडे सेकंदाला किती, ती कॅरिअर फ्रिक्वेन्सी. अनेक ड्राइव्ह कंपनीतून 2 ते 4 किलोहर्ट्झवर लावून येतात, आणि माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे अगदी नेमका नको तिथे आवाज. पॅरामीटर 8 किंवा 12 वर नेला की शीळ बऱ्याचदा जवळजवळ नाहीशी होते. एका मिनिटाचं काम, म्हणून सर्रास केलं जातं. त्याची किंमत मात्र चार ठिकाणी मोजावी लागते.

पहिली, उष्णता. ट्रान्झिस्टर जितक्या वेळा उघडझाप करतात तितके तापतात, म्हणून कॅरिअर वाढवला की ड्राइव्हची करंटक्षमता उतरते. मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. तो न बघता 12 किलोहर्ट्झ लावायचे आणि मोटर मात्र ड्राइव्हच्या पूर्ण क्षमतेची, असं चालत नाही. आजकालचे बरेच ड्राइव्ह तापल्यावर कॅरिअर आपोआप खाली आणतात. त्यामुळे जानेवारीत शांत असलेली मोटर मे महिन्यात दुपारी दोनला पुन्हा शीळ घालायला लागते. पॅनेलचा फिल्टर धुळीने बुजला असेल तर मे महिन्याचीही वाट बघावी लागत नाही.

दुसरी, गळती करंट. कॅरिअर वाढला की केबलमधून अर्थिंगकडे जाणारा करंट वाढतो आणि ईएलसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) विनाकारण ट्रिप होतो. मग कुणीतरी वैतागून ईएलसीबी बायपास करतो. हा उपाय नाही, हा अपघाताचा मुहूर्त आहे. ड्राइव्हसाठी योग्य प्रकारचा, जास्त संवेदनमर्यादेचा ईएलसीबी निवडा किंवा कॅरिअर थोडा खाली आणा.

तिसरी, लांब केबल. 415 व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस (आतला डीसी पुरवठा) सुमारे 590 व्होल्टचा असतो. लांब केबलच्या टोकाशी लहर परतते आणि मोटरीच्या टर्मिनलवर जवळजवळ दुप्पट, म्हणजे बाराशे व्होल्टच्या आसपासचे टोले बसू लागतात. जास्त कॅरिअर म्हणजे सेकंदाला जास्त टोले. जुन्या रिवाइंड मोटरीचं इन्सुलेशन तिथेच हार मानतं. केबल लांब असेल तर साइन फिल्टर घ्या. महाग आहे, जागा खातो, पण तो लावल्यावर मोटरीला जवळपास शुद्ध लहर मिळते आणि शीळही जाते. लांब केबल आणि शांतता दोन्ही हवी असेल तर माझ्या मते दुसरा रस्ता नाही.

चौथी किंमत उशिरा कळते: बेअरिंग. ड्राइव्हमुळे शाफ्टवर व्होल्टेज साचतं आणि ते बेअरिंगमधल्या ग्रीसच्या पातळ थरातून ठिणगीने निचरा होतं. काही महिन्यांत रेसवर (बेअरिंगच्या कड्यांवर) धुण्याच्या दगडावरच्या खाचांसारख्या समांतर रेघा उमटतात आणि मोटर घूं-घूं करायला लागते. नवीन बेअरिंग टाकलं की काही महिने शांत, मग पुन्हा तेच. बेअरिंग कापून बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि कापून बघायची तसदी फार कमी जण घेतात. उपाय असा: मोठ्या मोटरींना पंख्याच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, चालवण्याच्या बाजूला शाफ्ट ग्राउंडिंग रिंग, आणि शील्ड असलेली केबल. शील्डही दोन्ही टोकांना गोल पकडून जोडलेली हवी. वेणीसारखी पिळून एका स्क्रूला बांधलेली शील्ड उच्च फ्रिक्वेन्सीला जवळपास नसल्यासारखीच.

एक स्वस्त पर्याय पुष्कळांना माहीत नसतो. बऱ्याच ड्राइव्हमध्ये कॅरिअर थोडा इकडेतिकडे हलवत राहण्याची सोय असते. आवाजाची एकूण पातळी फार उतरत नाही, पण टोचणारी शीळ जाऊन नुसती सूं उरते. माणूस शिळेने वैतागतो, सूं विसरून जातो. आधी हे करून बघा, मग कॅरिअरला हात लावा.

सोसायट्यांमध्ये या सगळ्याचा कस लागतो, कारण मोटर आणि बेडरूम यांच्यात एकच भिंत असते. निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात 45 डीबी आहे. तक्रारी जवळपास नेहमी रात्रीच्या, आणि त्या दोनच यंत्रांच्या: लिफ्ट आणि पाण्याचा प्रेशर पंप.

जुन्या लिफ्टमध्ये मिनिटाला साधारण 1440 फेऱ्यांची मोटर आणि वर्म गिअर असायचा. आता गिअरलेस यंत्र येतं. 320 मिलिमीटरची पुली, दोनास-एक दोर आणि सेकंदाला 1 मीटर वेग धरला तर यंत्र मिनिटाला फक्त 120 च्या आसपास फिरतं. 20 पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) यंत्राला त्यासाठी 20 हर्ट्झ पुरतात. गिअर नाही, तेल नाही, वेगात फिरणारा पंखा नाही. तरीही नव्या लिफ्टच्या तक्रारी येतातच, आणि कारणं ठरलेली असतात.

घरघर येत असेल तर एन्कोडरचा (यंत्र किती फिरलं ते ड्राइव्हला सांगणाऱ्या सेन्सरचा) कोन आणि ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हने मोटर स्वतः मोजून घेणं) तपासा. चुंबकाची जागा ड्राइव्हला काही अंशांनी चुकीची कळली तरी यंत्र चालतं, पण करंट जास्त खातं आणि घुमतं. ऑटोट्यूनिंग ठीक असेल तर स्पीड लूपचा गेन, म्हणजे वेग चुकला की ड्राइव्ह किती जोराने सावरतो ते, जास्त ठेवलेला असतो. तो थोडा उतरवला की घरघर जाते. फार उतरवला तर मजल्यावर थांबताना केबिन डुलते, म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही केबिनने चालवून बघावं.

‘खाट’ असा आवाज ब्रेकचा. चुंबक सुटतो आणि प्लेट आदळते. प्लेटमागचा रबरी पॅड झिजला की खाटचा ठणका भिंतीतून तीन मजले उतरतो. पॅड बदलायचा आणि हवेची फट मॅन्युअलच्या मापात आणायची. आवाज कमी व्हावा म्हणून फट मनाने बदलणं किंवा लायनिंगवर काही चिकटवणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचंच. कंट्रोलरमधल्या कॉन्टॅक्टरचाही खटका असतो. नवीन ड्राइव्हमध्ये टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुरक्षितपणे तोडण्याची प्रमाणित सोय असेल तर कॉन्टॅक्टरशिवाय काम भागतं आणि तो खटका मुळातूनच जातो.

यंत्र ज्या बीमवर बसतं तो बीम सरळ भिंतीत पुरलेला असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. इथे कंपनरोधक पॅडचं गणित येतं, आणि ते सगळ्याच यंत्रांना लागू पडतं. पॅडवर बसलेल्या यंत्राची स्वतःची कंपनसंख्या चालण्याच्या कंपनसंख्येच्या एक तृतीयांशाहून खाली हवी. ती काढायला साधं सूत्र आहे: 15.8 भागिले, वजनाने पॅड जितके मिलिमीटर दबतो त्याचं वर्गमूळ. 1450 फेऱ्यांचा पंप म्हणजे 24 हर्ट्झ. पॅडवर 8 हर्ट्झ हवेत, म्हणजे पॅड 4 मिलिमीटर दबला पाहिजे. तोच पंप व्हीएफडीवर 30 हर्ट्झने चालवला की फेऱ्या 870, कंपनं 14.5, आणि आता 11 मिलिमीटर दबणारं काहीतरी हवं. तेवढं रबर दबत नाही, तिथे स्प्रिंगच लागते. ‘वेग कमी केला तर आवाज वाढला’ ही चमत्कारिक वाटणारी तक्रार इथून येते. पूर्ण वेगासाठी निवडलेले पॅड कमी वेगाला कंपनं नीट अडवत नाहीत, आणि वेग आणखी उतरला की उलट वाढवतात. स्प्रिंग बसवायची नसेल तर ड्राइव्हमध्ये ‘स्किप फ्रिक्वेन्सी’ असते. घुमणारा पट्टा शोधायचा आणि दोन्ही बाजूंना 1-2 हर्ट्झ धरून तो वगळायचा.

प्रेशर पंपात मोटर शांत आणि पाइप बोलका, असं बहुधा निघतं. पाइपचे क्लॅम्प रबरी अस्तर न देता भिंतीत ठोकलेले असतात. पंपाला जोडताना लवचीक बेलो लावलेला नसतो. पंप एकदम बंद झाला की नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटून धाडकन आवाज येतो. तिथे व्हीएफडीचा बंद होण्याचा रॅम्प काही सेकंदांनी वाढवला की काम होतं. आणि रात्रभर पंप दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर कुणाच्या तरी फ्लशची टाकी गळतेय किंवा प्रेशर टाकीतली हवा उतरली आहे. ही हवा टाकीतलं पाणी पूर्ण काढून मोजायची. व्हीएफडीच्या पंपाला ती सेट प्रेशरच्या साधारण 70 टक्के ठेवतात. ड्राइव्हचा स्लीप मोड (पाण्याची मागणी नसताना पंप थांबवून ठेवणारा) चालू आहे का तेही बघा. बरेचदा कुणी लावलेलाच नसतो.

नाट्यगृहं, रेकॉर्डिंग स्टुडिओ आणि हॉस्पिटलं इथे शत्रू पंखा. पंख्याच्या आवाजाचा हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे: वेगाच्या गुणोत्तराच्या लॉगला 50 ने गुणायचं. वेग 20 टक्क्यांनी उतरवला की आवाज जवळजवळ 5 डीबीने उतरतो आणि वीज निम्म्यावर येते. वेग अर्धा केला तर 15 डीबी. त्यामुळे नाट्यगृहाच्या एसीत छोटा पंखा जोरात फिरवण्याऐवजी मोठा पंखा संथ फिरवणं हाच खरा उपाय, आणि तो नकाशावर असतानाच करायचा. नंतर डक्टमध्ये सायलेन्सर कोंबायला जागा नसते. पट्ट्याऐवजी मोटरीच्या शाफ्टवरच बसलेला ईसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरीचा) पंखा घेतला तर पट्ट्याची सळसळ आणि काळी भुकटी दोन्ही जातात. तरी एक सापळा राहतो: वेग उतरवल्यावर हवा कमी पडते म्हणून कुणीतरी अर्धे डॅम्पर (डक्टमधल्या झडपा) बंद करून हवा पुढच्या रांगांकडे ढकलतो, आणि मग डॅम्परच शिट्टी वाजवतो.

हाच नियम मोटरीच्या स्वतःच्या पंख्यालाही लागू. 2900 फेऱ्यांच्या दोन पोल मोटरीत बराचसा आवाज तिच्या मागच्या कूलिंग पंख्याचाच असतो. जमेल तिथे चार पोल घ्या.

घरातल्या पंख्याचंही थोडक्यात. जुन्या पंख्याला ट्रायॅकचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लहर कापून देतो म्हणून तो मधल्या नंबरवर गुणगुणतो. कपॅसिटरचा रेग्युलेटर लावला की गप्प. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा भणभणत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरीच्या) पंख्याला हा त्रास नाही, कारण तो आधी वीज डीसी करून मग स्वतःची लहर बनवतो. मात्र त्याला जुन्या रेग्युलेटरमागून वीज देऊ नका, रेग्युलेटर काढून थेट जोडा. मिक्सरची बातच वेगळी. त्यात ब्रश असलेली मोटर मिनिटाला 18-20 हजार फेऱ्या मारते, तिथे शांततेची अपेक्षाच धरू नये.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत कुणी ‘शांत ड्राइव्ह’ विकायला आला तर जरा थांबून विचार करावा. धोट्याच्या मागात आवाज मोटरीचा नसतो, पिकिंगचा असतो. धोटा दर खेपेला फटक्याने फेकला जातो आणि फटक्याने अडवला जातो. कारखान्यातली मर्यादा 8 तासांना 90 डीबी आहे आणि अशा शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. दोन आवाजांत 10 डीबीचं अंतर असेल तर लहान आवाज पूर्ण बंद केला तरी एकूणात अर्धा डीबीसुद्धा फरक पडत नाही. तिथे पैसे धोटा नसलेल्या रॅपिअर मागावर, छताच्या अस्तरावर आणि कामगारांच्या कानातल्या प्लगवर घालावेत. नवीन मोटर वीज वाचवेल, ते वेगळं. त्यासाठी घ्या, शांततेसाठी नको.

छोट्या यंत्रांत स्टेपर मोटरीचा किस्सा मजेशीर आहे. थ्रीडी प्रिंटरचा तो गाण्यासारखा आवाज मोटर टप्प्याटप्प्याने ढकलल्यामुळे येतो. जुन्या ए4988 ड्रायव्हर चिपऐवजी टीएमसी2209 बसवली आणि तिचा स्टेल्थचॉप मोड चालू केला की फक्त पंख्याचा आवाज उरतो. मात्र जास्त वेगाला त्या मोडमध्ये टॉर्क कमी पडतो, पावलं चुकतात आणि छपाईचा थर सरकतो. म्हणून ठरावीक वेगापुढे स्प्रेडसायकल या तिच्या दुसऱ्या मोडवर जायची मर्यादा लावून ठेवायची.

रेल्वेत कॅरिअर वाढवायची चैन नाही. तिथे व्होल्टेज आणि करंट इतके मोठे की उघडझापीचे लॉस परवडत नाहीत, म्हणून फ्रिक्वेन्सी काहीशे ते हजारभर हर्ट्झच्या आसपास राहते आणि आवाज ऐकू येणारच. मुंबईत 2007 पासून आलेल्या सीमेन्सच्या विद्युतसंचाच्या लोकल सुटताना जो चढता सूर लावतात तो हाच. ऑस्ट्रियाच्या टॉरस इंजिनांत आणि जपानच्या केइक्यू कंपनीच्या काही गाड्यांत तर सुटतानाच्या आवाजाला सरळ सारेगमचं रूप आलं होतं.

रस्त्यावर उलटीच अडचण. इलेक्ट्रिक गाडी हळू चालताना इतकी शांत की पायी चालणाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीन माणसाला, ती कळतच नाही. युरोपात म्हणून गाडीला मुद्दाम आवाज द्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या 138 क्रमांकाच्या नियमात तो 10 किलोमीटर वेगाला किमान 50 आणि 20 ला किमान 56 डीबी हवा. 20 च्या वर सक्ती नाही, कारण पुढे टायरच पुरेसे बोलतात. इलेक्ट्रिक बसमध्ये बसल्यावर येणारी बारीक किंकाळी बहुतेकदा रिडक्शन गिअरची असते. डिझेल इंजिन होतं तेव्हाही अशी किंकाळी असायची, फक्त झाकली जायची.

शांततेसाठी वाटेल ती किंमत मोजतात ती पाणबुडीत. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस कलवरी डिसेंबर 2017 मध्ये नौदलात आली. तिच्यात प्रत्येकी 750 किलोचे 360 बॅटरी सेल आहेत, म्हणजे नुसत्या बॅटरीचं वजन 270 टन, आणि त्यांच्यावर चालते पर्मनंट मॅग्नेट मोटर. लिफ्टच्या गिअरलेस यंत्रामागचंच तत्त्व: पोल जास्त, फेऱ्या कमी, मधे गिअर नको.

विकत घेताना मात्र ‘मोटर लो नॉइज असावी’ एवढंच लिहून ऑर्डर देऊ नका. पुरवठादार आयएस 12065 या मोटरींच्या आवाजाच्या भारतीय मानकातला आकडा दाखवतो, आणि तो साइन लहरीवर, बिनलोड मोटरीचा असतो. ऑर्डरमध्ये चार गोष्टी लिहाव्यात: मोजमाप तुमच्याच ड्राइव्हवर आणि कोणत्या कॅरिअरला, कोणत्या वेगांना (किमान 25, 35, 42 आणि 50 हर्ट्झ), किती लोडवर, आणि 1 मीटर अंतरावर. यंत्र बंद असतानाचा पार्श्वभूमीचा आकडाही त्याच कागदावर हवा. चालू आणि बंद यांत 10 डीबीपेक्षा कमी फरक असेल तर मिळालेल्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते. आणि 3 डीबीपेक्षा कमी असेल तर त्या जागेत मोजणंच सोडा, रात्री या.